बोहारडीहचा शेजार

१

शेखर देशकरांनी इंग्लंडात एक गाव पाहिलं आणि त्याचा भुर्दंड माझ्या आईला पडला. हे वाचून कुणाला मी चक्रम वाटेन. वाटू दे. चौकशीला आलेल्या पोलिसांनाही तसंच वाटलं होतं.

देशकर आमचे साहेब. माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यातले, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीतच देणार. सरकारने त्यांना प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवलं. तिथे एका रविवारी त्यांना कुठल्याशा खेड्यात फिरवलं. दगडी घरं, तळ्यात बदकं, जुनं चर्च, आणि वेशीजवळच्या दुकानात त्या गावाची छोटी पुस्तिका. गाव कधी वसलं, माणसं स्वभावाने कशी, कोणत्या सणाला काय करतात. साहेब ती पुस्तिका घेऊन आले ते पेटूनच आले.

"अपर्णा मैडम, हमारे यहाँ भी ऐसी किताब होनी चाहिए. गाँव की हिस्ट्री और उसका कैरेक्टर. छोटी सी, स्वीट सी."

"कोणत्या गावाची, सर?"

"बोहारडीह."

मला आधी ती थट्टा वाटली. कारण बोहारडीह नव्हतंच. नवं राज्य झालं, त्याला नवी राजधानी हवी झाली, सचिवालय नव्या रायपुरात आलं, आणि त्या रुंद रस्त्यांच्या खाली जी गावं गेली त्यातलं ते एक. आधी शेतं गेली, मग घरं गेली, आणि माणसांना पुनर्वसनाच्या दोन-दोन खोल्या मिळाल्या. त्या जागेवर सरकारी नोकरांसाठी इमारती झाल्या आणि त्यातल्या एका फ्लॅटमध्ये मी राहत होते.

इंग्लंडातल्या त्या गावात माणसं राहतात म्हणून त्याला इतिहास आहे. आम्ही माणसं हाकलून इतिहास लिहायला बसलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसला हा प्रकार, आणि वर नागोबाला बिळाचं गोडगोड चरित्रही हवं होतं. मी "हो सर" म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

२

आमचं घर म्हणजे मी आणि आई. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही. बाबा, तुळशीराम रामटेके, रेल्वेत फिटर होते. भंडाऱ्याकडून आले आणि रायपुरातच त्यांची नोकरी संपली, तेही संपले. घरात बुद्धाची तसबीर आणि एक अगरबत्ती, याखेरीज देवधर्म नाही. भुताला भिणारा माणूस उद्या साहेबालाही भितो, असं बाबा म्हणायचे. मी दोघांनाही भ्यायचं नाही असं ठरवून वाढले.

आई, सत्यभामा, जन्मभर माणसांत राहिली. रेल्वेच्या चाळीत तिचं दार दिवसा कधी लागलेलं मी पाहिलं नाही. एकीकडून आंध्रातल्या बायकांची भांडणं, दुसरीकडून बंगाल्यांच्या माशांचा वास, आणि मधोमध आई, सगळ्यांना सल्ले देत. तिला मी नव्या रायपुरात आणलं, कारण सचिवालय इकडे आलं आणि रोजची जायची-यायची बस पकडता पकडता माझा जीव मेटाकुटीला येत होता.

तिसरा मजला. एका मजल्यावर चार फ्लॅट आणि त्यातला भरलेला फक्त आमचा. बाकीच्यांनी फ्लॅट नावावर करून घेतले होते आणि राहत होते शहरात. खाली बघावं तर रुंद रस्ता, मधे लावलेली रोपं, आणि दुपारभर एकही माणूस नाही. आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. संध्याकाळी मी आले की विचारायची, "आज कोन भेटलं तुले?" आणि मी कंटाळून म्हणायची, कोणी नाही.

"येथं कोनी भांडाले बी नाही वं," ती एकदा म्हणाली.

तिचं जेवण कमी झालं. बोलणं तर त्याहून कमी झालं. डॉक्टर म्हणाले, वयोमान. मला माहीत होतं की वयोमान नाही, मी तिला इथे आणून वाळवतेय. माझं असं या जगात एकच माणूस होतं आणि ते रोज थोडं थोडं कमी होत होतं.

३

मग वैशाखातल्या एका संध्याकाळी मी घरी आले तर ओट्यावर काशाची वाटी. वरून पळसाचं पान झाकलेलं.

"हे काय?"

"बोहारभाजी. समोरच्या बाईनं देली. खाऊन पाह्य."

बोहार म्हणजे आपलं भोकर. त्याच्या कोवळ्या कळ्यांची आंबट भाजी करतात, इकडच्या लोकांचा जीव आहे तिच्यावर. मी खाल्ली आणि फार छान लागली, म्हणून लगेच काही सुचलं नाही. मग घास तोंडातच राहिला.

"समोर कोण आलं राहायला?"

"आली असन कोनी. दार उघडं होतं तिचं."

मी बाहेर येऊन पाहिलं. समोरच्या दाराला कुलूप होतं, कुलपाला कोळ्याचं जाळं होतं, आणि दारावरचा पातळ प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. मी स्वतःला सांगितलं की खालच्या चौकीदाराची बायको असणार. रिकाम्या फ्लॅटांतून असं कोणी कोणी राहतं, मागच्या बाजूने शिरतात. तिसऱ्या मजल्याला मागची बाजू नसते हे मला कळत होतं. पण आई हसत होती. तिला हसताना पाहून किती महिने झाले होते ते आठवेना, तेव्हा मी आत येऊन वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी आईने त्या वाटीत झुणका भरला.

"नुसती वाटी दे की धुऊन," मी म्हटलं.

"भांडं रिकामं वापस नाही देत, बाई. तुले कोनी शिकवलंच नाही का?"

शिकवणारी तीच होती. मी ऑफिसला गेले, आणि संध्याकाळी वाटी ओट्यावर नव्हती.

४

आता रोज सकाळी मला झाडूचा आवाज यायचा. केरसुणीचा नव्हे, लांब काड्यांचा, अंगण झाडताना येतो तसा, मातीवरून ओढल्याचा. आमच्या जिन्यासमोर गुळगुळीत पांढऱ्या फरश्या होत्या. त्यांच्यावर तसा आवाज होऊच शकत नाही. दार उघडलं की आवाज बंद, आणि समोरच्या उंबऱ्याशी फरशी ओली. अर्धवर्तुळ. वास शेणाचा, ताज्या सड्याचा.

मी देखभालवाल्यांकडे गळतीची तक्रार केली. एक माणूस आला, फरशीला हात लावून म्हणाला, "मैडम, यहाँ तो पाइप ही नहीं है." मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा निघून गेला. खरं तर मला स्वतःवर ओरडायचं होतं.

आई मात्र भरून निघत होती. दुपारी फोन करावा तर उचलत नव्हती. संध्याकाळी सांगायची, मी समोर बसली होती, भाजी निवडत. आणि मग ज्या गोष्टी ती सांगायची त्या ऐकून माझी पुस्तिका आपोआप लिहून व्हायला लागली. कोणत्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, कोण राहायचं. दोन पाऱ्यांत तळ्यावरून भांडण कसं झालं आणि मिटलं कसं. बोहारडीहची माणसं बोलायला फटकळ, पण दारावरून कुणाला उपाशी जाऊ देणार नाहीत. लग्नात नवरदेवाला आधी चिखल लावतात, मग हळद.

"तुला हे कोण सांगतं?"

"तीच. समोरची. हासताना तोंडावर हात ठेवते, पुढचा दात नाही ना तिले."

मी वाद घालायचं सोडलं आणि शहानिशा करायला रामकृष्ण वर्मांना गाठलं. ते बोहारडीहचे शेवटचे सरपंच. मिळालेल्या मोबदल्यावर त्यांनी हायवेला टाइल्सचं मोठं दुकान टाकलं होतं. काचेच्या केबिनमध्ये बसवून त्यांनी मला थंड पाजलं. मी टिपणं वाचत गेले, ते मान हलवत गेले. सगळं बरोबर होतं. समोरच्या बाईचं वर्णन आलं, हात तोंडावर ठेवून हसणारी, पुढचा दात नसलेली, तेव्हा त्यांची मान हलायची थांबली.

"ये कौन बताइस आप ल?"

"माझी आई म्हणते."

त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "जेन मन नइ निकलिन, ओखर मन के नाँव झन लिखहू मैडम." जे निघालेच नाहीत, त्यांची नावं लिहू नका.

"निघाले नाहीत म्हणजे? सगळ्यांना हलवलं ना?"

"हव," ते म्हणाले. "कागज म त सब्बो झन निकल गे हें." कागदोपत्री सगळे निघाले. मला गाडीपर्यंत सोडायलाही ते आले नाहीत.

५

पुस्तिकेत सवनाही आली आणि साहेब खुर्चीतून उठलेच.

सावनातल्या एका रविवारी इकडे गाव बांधतात. इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरवडाभर आधी लागतो. गावचा बैगा, म्हणजे देवाचं करणारा मांत्रिक, नारळ, लिंबू, लाल कापड घेऊन सगळ्या शिवेवरून फिरतो. बायका घराच्या भिंतीवर शेणाने बोटांची रेघ ओढतात. त्या दिवशी आतलं माणूस बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. संध्याकाळपर्यंत गाव आपलं आपल्यापुरतं असतं. एवढंच. मी एका परिच्छेदात लिहिलं होतं.

"परफेक्ट," साहेब म्हणाले. "कवर पर यही फोटो जाएगा. इस बार करवाते हैं. ओरिजिनल बाउंड्री पर."

मी सांगून पाहिलं की ही कुणाची तरी रीत आहे, ती गाववाल्यांविना कशी करणार? गाववाल्यांना विचारलं तर रामकृष्ण वर्मांनी फोनच उचलला नाही, आणि पुनर्वसन वसाहतीतून एकही माणूस यायला तयार झाला नाही. मग साहेबांनी शहरातली एक नाटकमंडळी बोलावली. त्यांच्यातला विनोदी कामं करणारा नट बैगा होणार होता. ज्यांची शीव आम्ही बुलडोझरने पुसली त्यांच्या शिवेचं नाटक, तेही कव्हरसाठी. लाज नावाची वस्तू काही लोकांच्या घरात येतच नाही.

शनिवारी संध्याकाळी आई आमची स्टीलची वाटी भरत होती. त्या वाटीवर 'स. तु. रामटेके' कोरलेलं आहे. आमच्या घरच्या सगळ्या भांड्यांवर आहे.

"उद्या कुठं जाऊ नोको," ती म्हणाली. "समोरची म्हणे, उद्या जो घरात तो घरातला."

माझा दिवस वाईट गेला होता. मी भडकले. "आई, समोर कुणी राहत नाही. कुलूप आहे तिथे. तुला वेड लागून राहिलं."

आईने वाटीवर ताटली झाकली. तिला राग आला की ती फार शांत बोलते.

"तुले दिसत नाही म्हनून नाही का वं? तुमच्या ऑफिसाले तं अख्खं गाव नाही दिसलं."

तिने वाटी उचलली आणि दार लोटून समोर गेली. मी मुद्दाम पाहिलं नाही. पण कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. कुणीतरी आतून काढली.

६

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाह्य बाई, तुझी तू." मी पायात चप्पल सरकवली. रागात होते, म्हणून येते म्हणायचं राहिलं.

जुन्या तळ्याला आता रेलिंग लावलंय आणि त्याला लेक म्हणतात. तिथून नटाने सुरुवात करायची, बॅनरपर्यंत चालायचं, फोटो, आणि मग सगळ्यांना समोसे. नट मजेत होता. लिंबू हातात उडवत साहेबांना हसवत होता. पहिली काही पावलं त्याने ठुमकत टाकली.

मग त्याचं ठुमकणं थांबलं. बॅनर आला तसा तो बॅनरच्या बाजूने पुढे गेला. फोटोवाल्याने हाक मारली, तो थांबला नाही. सायकलचा ट्रॅक ओलांडला, दुभाजक ओलांडला, आमच्या इमारतींच्या पाठीमागून पार्किंगच्या कडेने तो चालत राहिला. मधेच एके ठिकाणी सरळ रस्ता सोडून त्याने मोठा वळसा घेतला. जणू तिथे काही उभं होतं. तिथे कापलेलं गवत होतं, दुसरं काही नव्हतं.

"मेथड एक्टिंग," साहेब हसत म्हणाले. मी आणि मंडळीचा मालक त्याच्या मागे मागे गेलो. ती शीव त्याला कुणी दाखवली नव्हती. आमच्या नकाशातही ती नव्हती, कारण नकाशा काढणाऱ्यांना तिची गरज नव्हती. आणि तो मात्र एखाद्या जुन्या बांधावरून चालावं तसा पाय मोजून टाकत होता.

तळ्याशी परत येऊन त्याने लिंबू खाली ठेवलं आणि मटकन बसला. अंगभर घाम. माझ्याकडे वर बघून त्याने विचारलं, "दीदी, मैं किधर हूँ? अंदर कि बाहर?"

मी पाहिलं. तो आमच्यातच होता, रस्त्यावर. "बाहर," मी म्हटलं.

तो तोंड झाकून रडायला लागला. सुटलेला माणूस रडतो तसं. आणि तेव्हा मला समजलं की आमचं घर त्याने घातलेल्या फेरीच्या आत आहे, आणि घरात आई आहे.

७

स्कूटी मी कशी चालवली ते मला आठवत नाही. भर दुपार, ढग होते पण उजेड लख्ख होता. चौकीदाराची खुर्ची रिकामी. लिफ्टचं बटण दाबलं तर दिवाच लागला नाही. मी जिना चढले. चढताना मनाला समजावत होते की आई टीव्ही बघत बसली असेल, मी जाईन, ती म्हणेल काहून धापा टाकून राहिली.

तिसऱ्या मजल्यावर पाऊल टाकलं आणि शेणाचा वास नाकात गेला. भिंतीवर हात पुरेल एवढ्या उंचीवर ओल्या शेणाची चार बोटांची रेघ होती. ती समोरच्या दाराच्या पलीकडून सुरू होऊन, त्या दारावरून, कोपऱ्यातून, आमच्या दारावरून पुढे गेली होती. दोन्ही घरं तिच्या आत होती. माझ्या बाजूला फक्त जिना.

आमच्या घरातून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. पुष्कळ बायका. त्यात आईचा आवाज होता, तिचा जुना, चाळीतला, सगळ्यांच्या वरचा.

मी किल्ली लावली. किल्ली फिरली. दार हातभर उघडलं आणि कशाला तरी अडलं. लाकडी अडसर होता, जाड, हाताळून हाताळून काळा झालेला. आमच्या दाराला अडसर नाही. सरकारी फ्लॅटला कुठून असणार?

फटीतून मला जे दिसलं ते एवढंच. सारवलेली जमीन. तिच्यावर वरून पडलेलं ऊन, जिथे आमचं छत असायला हवं होतं तिथून. जाड वाळे घातलेले बायकांचे पाय, एका ओळीत मांडी घातलेले. एकीने तोंडावर हात ठेवलेला. मधे सूप, आणि सुपातली भाजी निवडणारा आईचा हात. तो हात मी कुठेही ओळखीन.

"आई."

हात थांबला नाही.

"आई, दार उघड!"

आई उठली. गुडघ्यावर हात न टेकता उठली, तसं तिला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. दाराशी येऊन तिने फटीतून माझ्याकडे पाहिलं. चेहरा भरलेला, छान. मला पाहून तिला आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही.

"कोन पायजे?"

"आई, मी अपर्णा."

"आज नाही जमत बाई, बाहेरच्याले आत घेता येत नाही. रागावू नोका. सांजच्याले या, च्या घ्याले."

"मी बाहेरची?"

तिने मला नीट न्याहाळलं. माझी साडी, गळ्यातलं ओळखपत्र.

"ऑफिसातल्या बाई ना तुम्ही?" ती म्हणाली. "लिहून घेनाऱ्या?"

आणि तिने दार लावलं. आपटलं नाही. नको असलेल्या पाहुण्यासमोर लावतात तसं, हळूच.

८

मी हात सुजेपर्यंत दारावर थापा मारल्या. मग खाली जाऊन चौकीदाराला शोधून आणलं, तोवर दिवस कलला होता. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पांढऱ्या फरश्या, वर छत, छताला पंखा चालू. निवडायचे तांदूळ ताटात अर्धे. आईची चप्पल स्टँडवर. भिंतीवर रेघ नव्हती. आई नव्हती.

पोलीस म्हणाले, वयस्कर बाई, भटकली असेल. तळ्यात पाहिलं, काही सापडलं नाही. समोरच्या फ्लॅटचं कुलूप मी माझ्यासमोर तोडायला लावलं. आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि कबुतरांची घाण. एका हवालदाराने मला विचारलं, घरात काही भांडण वगैरे झालं होतं का? झालं होतं, मी म्हटलं, पण ते तुम्हाला कळायचं नाही.

रामकृष्ण वर्मांच्या दुकानात गेले. त्यांनी मला बसवलं नाही. दारातच हात जोडून म्हणाले, "सुखी होही मैडम. उहाँ कोनो दुख नइ हे." सुखात असेल, तिथे कुणाला दुःख नाही. मला वाटलं त्यांची एक चकाचक टाइल उचलून त्यांच्या डोक्यात घालावी. मग त्यांचे डोळे पाहिले. त्यांनाही तिथेच जायचं होतं आणि त्यांच्यासाठी दार उघडणार नव्हतं. मोबदला घेऊन ते सगळ्यांच्या आधी निघाले होते.

पुस्तिका निघाली. कव्हरवर नट, हातात लिंबू. शेवटचं वाक्य साहेबांनी स्वतः घातलं, की बोहारडीह आजही आपल्या सर्वांच्या मनात जिवंत आहे. प्रकाशनाच्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मैडम, आपकी ट्रांसफर शहर में करवा देता हूँ. वहाँ अकेले मत रहिए."

"माझी बदली करू नका," मी म्हटलं. "आणि हात काढा."

ते हसले. मला वाटतं त्यांना तो दुःखाचा झटका वाटला. दुःख होतंच. पण दुःखाने माणूस मऊ होतो म्हणतात ते खोटं आहे. मी घरी येऊन भांडी आपटली, बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून शिव्या दिल्या. नकाशा काढणाऱ्यांना, इंग्लंडातल्या त्या बदकांना, आणि सगळ्यात जास्त आईला, कारण तिने मला ओळखलं नाही. बाबा असते तर म्हणाले असते, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे अपर्णा. मी पण महिनाभर तेच म्हटलं. डोक्यात आहे, डोक्यात आहे, असं म्हणत रोज ऑफिसला गेले आणि आले.

काल संध्याकाळी आले तर माझ्या दाराशी वाटी होती. वरून पळसाचं पान. मी तिथेच जिन्यात बसले. पान उचललं. चरोट्याची भाजी, म्हणजे आपला टाकळा. त्यात लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचा जाडसर कूट. इकडच्या बायका चरोट्यात कूट घालत नाहीत. एकच बाई घालते. वाटी उलटी करून पाहायची गरज नव्हती, तरी पाहिली. स. तु. रामटेके.

मी तिथेच बसून सगळी खाल्ली. बोटांनी पुसून खाल्ली. मीठ थोडं जास्त होतं, नेहमीसारखं.

वाटी आता धुऊन ओट्यावर आहे. मला धड स्वयंपाक येत नाही, तो आईने कधी करू दिला नाही. गूळ आहे, शेंगदाणे आहेत. उद्या सकाळी झाडूचा आवाज आला की मी दार उघडणार नाही. आवाज थांबू देईन आणि मग वाटी भरून समोरच्या उंबऱ्यावर ठेवीन. रिकामी नाही देत.

पुढच्या सावनातही तो रविवार येईलच. फेरी कोणी घालेल की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवशी मी घरात असेन. साहेब आले, पोलीस आले, आणखी कुणी लिहून घ्यायला आलं, तरी दार उघडणार नाही. बाहेरच्यांनी संध्याकाळी यावं.